बीपीची फाइल, डोळ्याची फाइल

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, बीपीचा त्रास बारा-तेरा वर्षांपासून. काचबिंदू निघाला तो चार वर्षांपूर्वी, आणि तोही अवचित. ताटाच्या उजव्या हाताला ठेवलेला तांब्या त्यांना दिसेनासा झाला, जाता-येता चौकटीला खांदा घासू लागला. "वय झालं गं आता," म्हणायच्या. मलाही ते पटायचं. मोतीबिंदूच असणार असं धरून पाचोडला शिबिर आलं तेव्हा नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशननं परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही, उरलेली तेवढी सांभाळायची, हे तिथं कळलं. परतताना एसटीत आम्ही दोघी गप्पच होतो.

"आजी, डोळ्याचं प्रेशर वाढलंय," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आत्याबाई लगेच म्हणाल्या, "गोळी तर रोज घेते की मी!" खरं सांगते मैत्रिणींनो, मलाही तेव्हा दोन्ही एकच वाटलं होतं. बचत गटात विचारलं तर तिथंही बहुतेकींचा हाच समज. पण ही प्रेशर दोन वेगळी. बीपी रक्तवाहिन्यांतलं, ते दंडाला पट्टा बांधून कळतं. डोळ्याचं प्रेशर असतं डोळ्याच्या आतल्या पाण्याचं, साधारण १० ते २१, आणि ते डोळ्यावरच मोजावं लागतं. नागपूरजवळच्या खेड्यांत डॉ. विनय नांगिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २००९ या काळात तिशीपुढच्या ४,७११ जणांची तपासणी केली होती. ज्यांचं बीपी जास्त, त्यांचं डोळ्याचं प्रेशरही थोडं जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे नातं आहे, पण बीपी नॉर्मल म्हणून डोळे सुरक्षित, असं मात्र नाही.

खरी गोम पुढेच आहे. थेंब वेळेवर घालून आत्याबाईंचं डोळ्याचं प्रेशर १४ वर आलं. आम्ही खूश. पण यंत्रात बघून, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायची ती तपासणी असते ना, तिच्यात नजरेचा घेर आणखी कमी झालेला निघाला! तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, रात्री उठताना चक्कर येते का? बीपीची गोळी कधी घेता?"

चक्कर येत होती, चांगली वर्षभर. आणि बीपीची एक गोळी झोपताना होती. बीपीच्या डॉक्टरांना काचबिंदूचं ठाऊक नव्हतं, डोळ्यांच्या डॉक्टरांना रात्रीच्या गोळीचं. कारण फायली दोन, पिशव्या दोन, आणि त्या नेणारी मी, एकदाही तोंड न उघडलेली.

आमच्याकडे मोसंबीच्या बागा आहेत, म्हणून मला ते ठिबकवरून समजलं. मोटारीचा जोर कमी पडला की ओळीच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. डोळ्यामागच्या नसेचं तसंच. रक्त आत ढकलतं ते बीपी आणि उलटं दाबतं ते डोळ्याचं प्रेशर. झोपेत बीपी एरवीही उतरतं, आडवं झाल्यावर डोळ्याचं प्रेशर चढतं. त्यात गोळीनं बीपी फारच खाली गेलं, तर त्या नसेला रक्त कमी पडू शकतं. मूळचे पंजाबचे आणि पुढे अमेरिकेत आयोवाला काम केलेले डॉ. सोहनसिंग हैरे यांनी १९९४ मध्येच रात्री उतरणाऱ्या बीपीकडे बोट दाखवलं होतं. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही, पण बघायला तर हवं!

मग बीपीच्या डॉक्टरांनी आत्याबाईंच्या दंडाला चोवीस तास बीपी टिपणारं यंत्र बांधलं. पहाटेचे आकडे बरेच खाली निघाले. रात्रीची गोळी त्यांनी सकाळवर नेली. चक्कर थांबली.

हे मी बचत गटात सांगितलं आणि एक नवीनच भानगड झाली. एका काकूंनी बीपीच्या गोळ्याच बंद करून टाकल्या, "डोळे जातात म्हणे." आठ दिवसांनी डोकं दुखतंय म्हणून आल्या, मोजलं तर बीपी चांगलंच चढलेलं. घाबरले मी. हात धरून दवाखान्यात नेलं, गोळ्या परत सुरू केल्या. बीपी वाढू दिलं तर मेंदू, हृदय, किडनी सगळ्यांनाच धोका, आणि डोळ्यांनाही. गोळीची वेळ बदलायची तर ती डॉक्टरांनीच.

काचबिंदूच्या थेंबांचंही सांगून टाकते. त्यातली काही औषधं अश्रूंच्या वाटेनं नाकात आणि तिथून रक्तात उतरतात, नाडी आणि बीपी कमी करतात, दमेकऱ्याला त्रासही देतात. म्हणून थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा. आत्याबाई तेवढ्यात जप करतात.

आता दोन्ही फायली एकाच पिशवीत असतात, औषधांच्या रिकाम्या पट्ट्यांसकट. एक काम मात्र राहिलंय. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, चाळिशीपुढच्या मुलांनी तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमचे हे पन्नाशीला आले तरी "मोसंबीचा माल निघू दे" म्हणून टाळतायत. दिवाळीनंतर आत्याबाईंची तारीख आहे. त्याच दिवशी मी यांचंही नाव लावून ठेवलंय.