दगडातल्या शिपायाचा रंग कोणता?

कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आपण इंदूरकरांनी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता आपण त्या पाहतच नाही. राजवाड्याकडे जाताना पुलावरून एक नजर, पाहुणे आले की एक फोटो, झालं! कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांच्या या छत्र्यांच्या दगडात देव आहेत, वादक आहेत आणि शिपाईही आहेत. मी जातो तो या शिपायांना भेटायला.

मला सैनिकी स्केल मॉडेल बनवायचा छंद आहे. म्हणजे खरा रणगाडा, खरा सैनिक ३५ पटींनी लहान करून टेबलावर उभा करायचा. पावणेसहा फुटी माणूस पाच सेंटीमीटरचा होतो. या छंदात चिकटवण्या-रंगवण्यापेक्षा जास्त वेळ जातो तो शोधण्यात. पट्टा कुठल्या खांद्यावरून जातो, डोक्याला काय बांधलंय, हे दगडातला शिपाई चोख सांगतो. अंगरखा लाल होता की निळा, तेवढं मात्र सांगत नाही.

सध्या माझ्या टेबलावर आहे तो इंग्रजांचा ‘मार्क वन’, म्हणजे लढाईत उतरलेला जगातला पहिला रणगाडा. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत तो पहिल्यांदा दिसला. आत आठ माणसं, वजन २८ टन आणि वेग माणसाच्या भरभर चालण्याएवढा. माझ्या मॉडेलमध्ये त्याच्याशेजारी फेटे बांधलेले हिंदुस्थानी स्वार आहेत. घरी येणारी मुलं हमखास विचारतात, “काका, हे मनानेच ना?”

मनाने नाही. २६ सप्टेंबर १९१६ ला ग्यूदकूर गावाजवळच्या जर्मन खंदकावर एक रणगाडा चालून गेला. मागे हातबॉम्ब घेतलेलं पायदळ, डोक्यावर विमान. साडेतीनशेहून जास्त जर्मन शरण आले. त्याच दिवशी दुपारी गावात शिरलेल्या घोडदळाच्या तुकड्यांत आपल्याकडच्या १९ व्या लान्सर्सचे, म्हणजे ‘फेन्स हॉर्स’चे स्वारही होते. घोडा आणि रणगाडा, एकच गाव, एकच दिवस. शाळेच्या पुस्तकात आपले सैनिक पहिल्या महायुद्धात ‘गेले होते’ एवढंच असतं. तिथे ते कशाच्या शेजारी उभे होते, ते असं टेबलावर मांडलं की कळतं.

आता अडचण बघा. रणगाड्याचं किट बाजारात मिळतं, त्याबरोबरचे सैनिकही मिळतात, पण ते बहुतेक गोरे. आपला स्वार इपॉक्सी पुट्टीतून हाताने घडवावा लागतो, आणि खरी परीक्षा फेट्याची. शिखाचा फेटा वेगळा, पंजाबी मुसलमानाच्या फेट्यातून वर कुल्ल्याचं टोक डोकावतं. होळकरी पगडी आणि शिंदेशाही पगडी यांतला फरक लांबून ओळखणारी माणसं आपल्या घरांत होती. त्या घरातल्या मुलाने ‘कसलातरी फेटा’ करून चालणार नाही.

इंग्रज सैनिकातही खाचाखोचा आहेतच. ‘टँक कोअर’ स्थापन झालं जुलै १९१७ मध्ये. म्हणून १९१६ च्या रणगाडेवाल्याच्या टोपीवर रणगाड्याचा बिल्ला चालत नाही, मशीनगन कोअरचा, एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन मशीनगनचा बिल्ला हवा. रणगाड्याच्या नाकावरचे पांढरे-लाल-पांढरे पट्टे दिसतात झकास, पण ते १९१८ चे. ‘मार्क वन’वर ते रंगवलेले दिसले की मला पुरणपोळीत मीठ लागल्यासारखं होतं.

मग रंग कुठून आणायचा? फोटो आहेत, पण कृष्णधवल, आणि त्यातही एक मेख आहे. त्या काळच्या बऱ्याचशा फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल कापड फोटोत काळपट येई आणि निळं फिकट. म्हणजे गडद दिसतं ते गडदच असेल असं नाही! पहिल्या रणगाड्यांसाठी सॉलोमन जे. सॉलोमन या चित्रकाराने रंगीत ठिगळांची नक्षी आखली होती. ती फोटोत नुसती करड्या डागांची दिसते. अशा वेळी फोटो, लेखी वर्णन आणि उरलेली वस्तू असे तीन साक्षीदार जुळले, तरच मी ब्रश उचलतो.

उरलेली वस्तू म्हटलं तर ‘मार्क वन’ जगात एकच शिल्लक आहे, इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये. आपल्याला जवळचं म्हणजे अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम, १९९४ चं. आपल्या अहिल्यामातेचं चौंडी त्याच जिल्ह्यात, तेव्हा इंदूरकरांना जायला दुहेरी निमित्त आहे. तिथे रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे, मटिल्डा आहे, चर्चिल आहे, जपानी रणगाडे आहेत. रिव्हेट किती जाड असतो, पोलादी पत्र्याची कड कशी दिसते, हे कुठलाही फोटो शिकवत नाही. तिथल्या रंगावर मात्र मी विसंबत नाही. उघड्यावरच्या लोखंडाला पुन्हा पुन्हा रंग द्यावाच लागतो.

इतकं सगळं करून शेवटी मी त्यावर सोमचा चिखल फासतो, तेव्हा आमची आई म्हणते, “एवढा जीव काढलास तो हे माखायला?” तिचंही बरोबर आहे.

यानंतर मला आपल्या होळकर फौजेचा शिपाई करायचाय. पहिल्या महायुद्धात इंदूर संस्थानाचं ट्रान्सपोर्ट कोअरही कामावर गेलं होतं. त्या माणसांचे फोटो संग्रहालयांपेक्षा आपल्याच माळ्यांवरच्या ट्रंकांत असण्याची शक्यता जास्त. आणि राजवाड्याच्या आसपासचे वाडे एकेक करून उतरताहेत. घर रिकामं करताना ‘हे कोण, माहीत नाही’ म्हणून फोटो रद्दीत जातात. तरुण मंडळींना एवढंच सांगतो, असा फोटो हाती आला तर तो कापू नका, लॅमिनेट करू नका. पुढून आणि मागूनही स्कॅन करा, कारण स्टुडिओचं नाव आणि साल बहुधा मागेच असतं. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर तो धरून आधी रंग विचारा, “आजी, हा पट्टा कुठल्या रंगाचा होता गं?” नावं पुढेमागे आठवतील.