चुकलं कुठे, हे विचारणारी बैठक

१० जुलै २०१८. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, विरारची लोकल ठप्प झाली, वसईत कित्येक ठिकाणी दिवे गेले. पुढे वसई-विरार महापालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांची सत्यशोधन समिती नेमली. पाणी का तुंबलं, त्याची वाट कुठे अडली, याचा तिने अभ्यास केला आणि जादा पाणी साठवायला धारण तलाव सुचवले.

सॉफ्टवेअरच्या टीम असा शोध पुराची वाट न बघता, साधारण दर दोन आठवड्यांनी घेतात. त्या बैठकीचं नाव रेट्रोस्पेक्टिव्ह, ऑफिसच्या बोलीत नुसतं ‘रेट्रो’. वसई-विरारहून मालाडच्या माइंडस्पेसला किंवा अंधेरीच्या सीप्झला जाणाऱ्या अनेकांना ती ठाऊक आहे. आणि खरं सांगायचं तर, बऱ्याच जणांना नकोशीही आहे.

नकोशी का? कारण तिचा एक तर पंचनामा होतो, नाहीतर कौतुक सोहळा. नॉर्मन कर्थ यांनी २००१ मध्ये या विषयावरच्या पुस्तकात पहिलाच नियम घातला: त्या वेळी हाताशी जी माहिती, साधनं आणि परिस्थिती होती, तीत प्रत्येकाने जमेल तेवढं चांगलंच काम केलं, असं धरून चालायचं. हा भाबडेपणा नाही. मॅनेजर समोर बसलेला आणि इन्क्रिमेंट तोंडावर आलेलं असताना आपली चूक कोण कबूल करेल? त्याच वर्षी अमेरिकेत स्नोबर्ड इथे १७ जणांनी सॉफ्टवेअर बनवण्याच्या ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. टीमने ठरावीक काळाने थांबून आपली पद्धत सुधारावी, हे त्यासोबतच्या बारा तत्त्वांपैकी शेवटचं.

प्रश्न कसा विचारला जातो, यावर बरंच अवलंबून असतं. ‘टेस्टिंग नीट झालं नाही’ या वाक्यातून फक्त वाद निघतो. ‘बुधवारी मागणी बदलली, टेस्टरला शुक्रवारी कळलं’ म्हटलं की दोन दिवसांची फट दिसते. मग उपायही ‘संवाद वाढवू’ असा गुळगुळीत राहत नाही: मागणी बदलली की त्याच दिवशी टेस्टरला कळवायचं, आणि कोणी कळवायचं त्याचं नाव तिथेच लिहायचं. असे एक-दोन निर्णय पुरेत. पंधरा मुद्द्यांची यादी कोणी उघडूनही बघत नाही.

म्हणून तुमच्या टीमची पुढची रेट्रो मागच्या निर्णयांपासून सुरू करा. त्यांतलं काहीच झालं नसेल, तर नवे मुद्दे काढण्याआधी ते का राहिलं, तेवढंच बोला.