लोखंडी मीटर आणि तीन गाड्या

आम्ही बंगळूरच्या चिकपेटेतले गलाईवाले. गाव विट्याजवळ, पेढी नगरथपेटेकडच्या एका बोळात. आयुष्य मुशीतलं सोनं बघण्यात गेलं, तरी गाडी घ्यायची म्हटली की आमचा टंच हमखास चुकतो. 2003 पासून तीन गाड्या झाल्या आणि पहिल्या दोन आम्ही वर्षातल्या दोनच फेऱ्यांसाठी निवडल्या : दिवाळी आणि गावची जत्रा.

पहिली जुनी क्वालिस. बंगळूरजवळच्या बिडदीत बनलेली, म्हणून आमच्या आबांना ती घरचीच वाटायची. तेव्हा महामार्गाचं चौपदरीकरण चालू होतं. चित्रदुर्ग, हावेरी, धारवाड करत सहाशेच्या वर किलोमीटर, वाटेत वळणरस्ते आणि धूळ. नऊ माणसं, दोन पिशव्या भाकऱ्या. कुणी तक्रार केली नाही.

2012 मध्ये स्कॉर्पिओ आली, आणि ती मानासाठीच आली हे आता कबूल करायला हरकत नाही. गावात पांढरी स्कॉर्पिओ दारात उभी राहिली की पाहुण्यांचा आवाज बदलतो. कुणीतरी सल्ला दिला, सांगलीत घ्या, एमएच-10 लावा, कर वाचेल. कर्नाटकाचा आजीव कर देशातल्या सर्वांत जड करांपैकी. दहा ते वीस लाखांच्या गाडीला 17 टक्के, वर उपकर. पण परराज्यातली गाडी वर्षाच्या वर इथं ठेवली की तो भरावाच लागतो. वाचलं काय, तर एक वर्ष. शिवाय राजा मार्केटजवळ हातगाड्यांनी डावा आरसा दोनदा उडवला.

म्हणून 2016 मध्ये आबा शेजारच्या साडीवाल्याचा लोखंडी मीटर मागून शोरूममध्ये गेले. विक्रेता मायलेज सांगत होता, जमिनीपासूनची 198 मिलिमीटर उंची सांगत होता. आबा वाकून ब्रेझाची रुंदी मोजत होते. नंतर दुसऱ्या शोरूममध्ये त्याच वर्षी आलेली इनोव्हा क्रिस्टा. मीटर काही मिलिमीटरपर्यंत नेमका नव्हता, तेव्हा पत्रकातले आकडे पेढीच्या वहीत उतरले : 1790 आणि 1830. फरक चार सेंटिमीटर! लांबीत मात्र 74 सेंटिमीटरचा. चार मीटरच्या आत गाडी बसवायची ती कंपन्यांनी करासाठी. आमच्या बोळाला सोयरसुतक रुंदीचं. आबा म्हणाले, ‘‘चार बोटांसाठी एवढे पैसे?’’ आणि ब्रेझा घेतली. डिझेलच, तेव्हा दुसरी मिळतही नव्हती.

गंमत पुढंच आहे. जून 2017 मध्ये चिकपेटेचं मेट्रो स्थानक सुरू झालं. आम्ही राजाजीनगरला राहतो, तीच हिरवी मार्गिका. ज्या बोळासाठी मीटर लावला, तो वर्षभरात हिशेबातून गेला. गाडी आता घराखाली झाकून असते.

आता चौथीचा विचार चाललाय. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 पर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी 18 टक्के; त्यापलीकडे 40. म्हणजे नेक्सॉन 18 मध्ये बसते आणि आताची पेट्रोल ब्रेझा, तेवढ्याच लांबीची असून, इंजिन 1462 सीसीचं म्हणून 40 मध्ये. नेक्सॉनला 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, देशात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. मुलगा ते तारे मोजतो. मला मात्र हुबळी-धारवाडचा तो अरुंद बाह्यवळण रस्ता आठवतो, आणि क्वालिसच्या मागच्या बाकावर पट्टा न लावता झोपलेली आम्ही पोरं.

खर्च, तारे, कर, सगळं मांडून झालं. परवा आईला शोरूमला नेलं. गुडघे दुखतात, म्हणून ती पहिल्या गाडीत चढून बसली, उतरली, दुसरीत बसली. फार उंच गाडीत पाय चढत नाही, खालच्या गाडीतून उठवत नाही. तिसऱ्या गाडीत बसल्यावर तिनं दार ओढून घेतलं, पदर सावरला आणि म्हणाली, ‘‘हीत बसता येतंय. पण भाकऱ्यांची पिशवी कुठं ठेवायची?’’