चल बदलून पाहा: अभय अष्टेकर आणि पुंज गुरुत्व

एसी परिपथाचे अवकल समीकरण थेट सोडवताना दमछाक होते. तेच फेझरमध्ये मांडले की साधे बीजगणित उरते. परिपथ तोच, फक्त चल बदलले. सैद्धांतिक भौतिकीतला एक अवघड प्रश्न असाच पुढे सरकला.

प्रश्न काय आहे?

आइन्स्टाइनच्या मते गुरुत्व म्हणजे अवकाश-काळाची वक्रता. उरलेली तीन मूलभूत बले पुंजयामिकीच्या नियमांत बसली आहेत, गुरुत्व अजून बसलेले नाही. दोन्ही सिद्धांत एकत्र कुठे लागतील? दोन पायने भागलेला प्लँक स्थिरांक आणि गुरुत्व स्थिरांक यांचा गुणाकार करा, त्याला प्रकाशवेगाच्या घनाने भागा आणि वर्गमूळ घ्या. उत्तर येते सुमारे १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात मीटर. ही प्लँक लांबी.

अष्टेकर चल

खानदेशातल्या शिरपूरला १९४९ मध्ये जन्मलेल्या अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत लिहिली. अंतर मोजणाऱ्या मेट्रिकऐवजी त्यांनी ‘कनेक्शन’ मुख्य चल मानले. सदिश एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत नेताना कसा वळतो, हे कनेक्शन सांगते. विद्युतचुंबकत्वातल्या सदिश विभवाचे हे भावंडच. त्यामुळे गुरुत्व इतर बलांच्या भाषेत आले आणि समीकरणे बहुपदी झाली.

काय हाती लागले?

या पायावर लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांनी १९९५ मध्ये दाखवले, की या सिद्धांतात क्षेत्रफळ सलग नसते. अणूच्या ऊर्जापातळ्यांसारखी त्याची ठरावीक मूल्येच मिळतात. २००६ मध्ये अष्टेकर, पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्या गणितात महास्फोटाच्या जागी ‘उसळी’ आली: आकुंचन पावणारे विश्व अनंत घनतेला न पोहोचता पुन्हा प्रसरण पावते.

मर्यादा

हे गणित आहे, प्रयोगाचा पुरावा अजून नाही. मोठ्या अंतरांवर यातून सामान्य सापेक्षता पूर्णपणे परत मिळते, हेही सिद्ध व्हायचे आहे. स्ट्रिंग सिद्धांत हा दुसरा मार्ग, पण त्यालाही प्रयोगाची हीच अडचण आहे. म्हणून सुसंगत गणित आणि सिद्ध झालेले सत्य यांतला फरक लक्षात ठेवा.

स्वाध्याय: सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधील टकरीची ऊर्जा १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. प्लँक ऊर्जा सुमारे १.२ गुणिले १० चा १६ वा घात टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट धरा. गुणोत्तर काढा. थेट प्रयोग का शक्य नाही, हे तुमचे तुम्हालाच कळेल.