नवेगान्धारणीय अध्याय आणि खानदेशातील किशोरवयीनांची दिनचर्या

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. तेरा अधारणीय वेगांची नावे परीक्षेसाठी मुखोद्गत करून आपण व्यवसायात उतरलो. पुढे चिकित्सालयाच्या धावपळीत या अध्यायाचा उपयोग बहुधा उदावर्ताच्या रुग्णापुरताच उरतो. वास्तविक आपल्याकडे येणाऱ्या शाळकरी मुलामुलींची दिनचर्या समजून घेण्यास याहून उपयुक्त अध्याय सापडणे कठीण आहे. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांतील नित्याच्या अनुभवाच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयास किशोरावस्था मानते. चरकाचार्यांनी सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात व तीस वर्षांपर्यंत ते वर्धमान असतात असे सांगितले आहे. म्हणजेच हा काळ शरीराच्या बांधणीचा होय. या काळातील उणीव पुढे भरून काढणे दुष्कर असते.

नेहमीचे चित्र

नववी-दहावीतील मुलगी आईबरोबर येते. "डॉक्टरसाहेब, पोरगी धड जेवत नाही, अंगात रक्तच नाही, एखादं टॉनिक लिहून द्या," असे आई म्हणते. मुलीस विचारावे की रक्त कशाने वाढते? ती तत्काळ सांगते : पालेभाज्या, गूळ, शेंगदाणे, कडधान्ये. पाठ्यपुस्तकातील उत्तर अचूक असते. मग विचारावे, "आज सकाळपासून काय खाल्लेस?" उत्तर येते : चहा आणि टोस्ट. ज्ञान आणि आचरण यांतील हे अंतर टॉनिकच्या बाटलीने भरून निघत नाही. तिचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत विचारून घेतला, तर निद्रा, क्षुधा, तृष्णा व मूत्र हे चार वेग ती रोज अडवून धरते असे ध्यानात येते.

निद्रा : पहाटे क्लास, त्यानंतर एस.टी.ने शाळा, सायंकाळी घरकाम आणि रात्री अभ्यास वा मोबाईल. या वयात आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. प्रत्यक्षात सहा तासही मिळत नाहीत. निद्रावेगाच्या धारणाने जृंभा, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग व अक्षिगौरव ही लक्षणे सांगितली आहेत. 'अभ्यासात लक्ष लागत नाही, डोके दुखते' या तक्रारीत ती जशीच्या तशी आढळतात.

क्षुधा : सकाळी घाईमुळे न्याहारी होत नाही. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो. नववीपासून तो बंद होतो, आणि नेमकी तेव्हाच वाढीची गरज मोठी असते. क्षुधानिग्रहाची लक्षणे कार्श्य, दौर्बल्य, वैवर्ण्य, अंगमर्द, अरुची व भ्रम अशी आहेत. यातील वैवर्ण्य व दौर्बल्य पाहून आपण लगेच पांडूचे निदान करतो, पण भुकेची चौकशी करीत नाही. शिवाय उपाशीपोटी घेतलेल्या चहामुळे भूक मारली जाते आणि जेवणासोबतच्या चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते.

तृष्णा व मूत्र : हा भाग सर्वाधिक दुर्लक्षित आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हाळ्यात अनेक मुली सकाळपासून सायंकाळपर्यंत जाणीवपूर्वक पाणी पीत नाहीत. कारण विचारता त्या खाली मान घालतात. कुठे शाळेतील स्वच्छतागृहास कडी नसते, कुठे पाणी नसते, कुठे ते कुलूपबंद असते. मासिक पाळीच्या दिवसांत ही अडचण दुप्पट होते. मूत्रवेगधारणाने बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र व शिरोरुजा उत्पन्न होतात, हे आपण जाणतो. कमी पाणी व रोखलेले मूत्र यांमुळे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग बळावतो हे आधुनिक शास्त्रही सांगते. अशा रुग्णेस केवळ गोक्षुरादि गुग्गुळ देऊन घरी पाठविल्यास महिन्याभरात ती पुन्हा येणारच. थंडी वाजून ताप व कुशीत वेदना असल्यास मात्र विलंब न करता लघवीची तपासणी करून रुग्णालयात पाठवावे.

पांडु : लोहकल्प देण्यापूर्वी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली व ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक मुलींची हीच स्थिती आहे. शासनाच्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात (२०१८) शाळेतून आठवड्यास एक निळी गोळी दिली जाते. तिच्यात ६० मि.ग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ही गोळी अन्नानंतर घ्यावयाची असते. उपाशीपोटी घेतल्याने मळमळ होते, मग एकीचे पाहून दुसरी ती फेकून देते. 'शासकीय गोळी बाधते' या समजुतीचे मूळ पुष्कळदा न्याहारीच्या अभावात असते. आपल्या सांगण्याला गावात मान असतो. ही गोळी जेवणानंतर अवश्य घ्यावी, शौचास काळे झाल्यास भिऊ नये, असे आपण सांगितल्यास कार्यक्रमास मोठा हातभार लागेल.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांत तसेच साक्री भागात आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. पांडुतेबरोबर वारंवार सांधेदुखी, कामला वा प्लीहावृद्धी असल्यास प्रथम सिकलसेलची तपासणी करावी. ती शासकीय केंद्रांत उपलब्ध आहे. सिकलसेलच्या रुग्णास लोहाची कमतरता सिद्ध झाल्यावाचून मंडूर वा लोहभस्म दीर्घकाळ देणे हितावह नाही. जंतांची व रजःस्रावाची चौकशीही करावी. सात दिवसांहून अधिक चालणारा स्राव हे रक्तक्षयाचे महत्त्वाचे कारण असते.

या प्रश्नाची निकड एका आकड्याने स्पष्ट होते. त्याच सर्वेक्षणात धुळे जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला आढळला. सोळाव्या वर्षी पांडुग्रस्त असलेली मुलगी सतराव्या वर्षी गर्भिणी म्हणून आपल्यापुढे येऊ शकते. सोळा वर्षांखालील मातेच्या गर्भास असणारा धोका सुश्रुताचार्यांनी स्पष्टपणे सांगितला आहे. आजचा कायदा अठरा वर्षांची मर्यादा घालतो, आणि अशा प्रसंगी पोक्सो कायद्यान्वये (२०१२) पोलिसांना माहिती देण्याचे बंधन आपल्यावरही आहे.

धारणीय वेग

याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादी मनाचे वेग मात्र धारण करावेत, असा उपदेश आहे. किशोरवयातील वृत्तींचा विचार येथे येतो. तंबाखूची पहिली चिमूट मित्राच्या आग्रहाने घेतली जाते. घरात मशेरी असेल तर ती सवय वाटतच नाही. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, परंतु मुलाच्या खिशापर्यंत कायदा पोचतोच असे नाही. मुखपरीक्षण करताना तोंड किती उघडते हे पाहावे आणि ओरडा न करता विचारावे. दहावी-बारावीच्या परीक्षेचे भय हा दुसरा वेग होय. त्याचे धारण 'घाबरू नकोस' एवढ्याने साधत नाही. मुलाशी काही वेळ एकांतात बोलावे, आवश्यक तेव्हा शासकीय रुग्णालयातील मैत्री क्लिनिककडे पाठवावे किंवा टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.

पादांशिक क्रम

सवय कशी सोडवावी, याचे उत्तरही आचार्यांनी याच अध्यायात दिले आहे. अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार चतुर्थांशाने, क्रमशः करावा. आपण मात्र एका भेटीत दहा पथ्ये सांगतो आणि त्यांतील एकही पाळले जात नाही. त्याऐवजी प्रत्येक भेटीत एकच बदल सांगावा.

पहिल्या भेटीत चहापूर्वी मूठभर भाजलेले शेंगदाणे व गूळ, किंवा रात्रीची कळण्याची भाकरी. ज्वारी व उडीद यांची ही भाकरी आपल्या घराघरांत आहे. तिच्यासाठी वेगळा खर्च नाही. दुसऱ्या भेटीत मेथी, पोकळा वा मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळण्यास सांगावे, कारण आंबट रसाने लोहाचे शोषण वाढते. तिसऱ्या भेटीत पाण्याची बाटली, आणि चौथ्या भेटीत झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर. पंधरा दिवसांनी औषधाची चौकशी करण्याआधी या एका बदलाची चौकशी करावी.

स्वच्छतागृहाचा प्रश्न मात्र मुलीच्या एकटीच्या सवयीने सुटणारा नाही. तेथे वैद्याने चिकित्सालयाबाहेर पडून मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीशी बोलले पाहिजे. कडी, पाणी व कचऱ्याचा झाकणाचा डबा या तीन वस्तू अनेक औषधांहून गुणकारी ठरतील.

समारोप

किशोरवयीन रुग्णाच्या केसपेपरवर नाडी, जिव्हा व मल यांसोबत आणखी चार प्रश्न लिहावेत : किती झोपलीस, काय खाल्लेस, किती पाणी प्यालीस, शाळेत लघवीस जाता येते का? यातील शेवटचा प्रश्न आजवर तिला कोणी विचारलेला नसतो. तो आईला थोडे बाहेर बसवून, स्त्री-वैद्या वा परिचारिकेच्या उपस्थितीत विचारावा. औषधयोजना त्यानंतर करावी. पुष्कळदा ती बरीच छोटी होईल.