घरची नौका आणि घरचीं मुलें

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे हौसेच्या कांहीं वस्तू आपोआप बाजूस पडतात. सतार गवसणींत जाते, सायकल पडवीच्या आढ्यास टांगली जाते, प्रवासाची वळकटी माळ्यावर चढते. या वस्तू पडून राहिल्या तरी मागत कांहीं नाहींत. नौकेची गोष्ट निराळी आहे. ती पडून राहिली म्हणजेच अधिक मागूं लागते. म्हणून ज्या कुटुंबांत हौसेची नौका आहे आणि पाळण्यांत मूलही आहे, त्यापुढें हा प्रश्न लौकरच उभा राहतो कीं, नौका विकून टाकावी, कीं मुलें जाणतीं होईपर्यंत कशी तरी सांभाळावी?

पूर्वीं हा प्रश्न आपल्या घरांत निघण्याचें कारण नव्हतें. नौका हें कोळी, खारवी, भंडारी, दालदी यांच्या चरितार्थाचें साधन. आपण तींत बसून पैलतीरीं लग्नामुंजीस जाणारे. परंतु आतां हरिहरेश्वर-श्रीवर्धनाकडील वाडवडिलांच्या वाड्यांत मुंबई-पुण्याचीं बिऱ्हाडें सुटीस येतात, आणि दोघे भाऊ मिळून एखादी लहानशी शिडाची अगर यंत्राची नौका घेतात, असेंही घडतें. घेतेवेळीं उत्साह असतो. पुढें दोन्ही घरीं पाळणा हलूं लागला म्हणजे वडीलधारीं माणसें विचारूं लागतात कीं, हा हत्ती दारांत किती दिवस झुलवावयाचा?

खर्च कोठें होतो?

प्रथम हिशेब पाहूं. नौका बाळगणाऱ्यांमध्यें असा एक ठोकताळा प्रचलित आहे कीं, खरेदीच्या किंमतीचा सुमारें दहावा हिस्सा दरवर्षीं तिच्या निगेस लागतो. ५ लाख रुपयांची नौका असेल तर वर्षास ५० हजार. मूल दहा वर्षांचें होईपर्यंत नौकेइतकीच रक्कम पुनः वेंचली जाते. हा आंकडा ऐकून पुष्कळांचा धीर सुटतो. परंतु हा खर्च मुख्यतः कशाचा, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. तो जलविहाराचा नव्हे. नौका खाऱ्या पाण्यांत उभी राहण्याचा आहे. पाण्यांत असलेल्या नौकेच्या तळास शेवाळ व शिंपल्यांचीं कवचें चिकटतात. लांकडाची असेल तर टेरेडो नांवाचा, दिसावयास किड्यासारखा पण जातीनें शिंपल्याचा भाऊबंद असलेला जीव फळ्या आंतून पोखरतो. खिळे गंजतात, दोर कुजतात, आणि रोज कोणी तरी आंतील पाणी उपसावें लागतें. नौका पाण्याबाहेर काढली कीं यांतील बहुतेक खर्च त्याच दिवशीं थांबतो. तेव्हां मुलें लहान आहेत तोंवर नौकेची जागा जमिनीवर, हें पहिलें सूत्र.

दुसरें सूत्र लहानपणाचें. नौकेची लांबी दुप्पट केली आणि रुंदी व खोली त्याच प्रमाणांत वाढविली, तर तिचें आकारमान दुपटीनें नव्हे, आठपटीनें वाढतें. ५ मीटरची होडी सहा-आठ माणसें ओंडक्यांवरून वर ओढूं शकतात. १० मीटरच्या नौकेस क्रेन बोलवावी लागते. भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथांत नौकांचे आकारानुसार भेद सांगितले आहेत. त्यांतील सर्वांत धाकटीचें नांव 'क्षुद्रा' असून तिची लांबी १६ हात, म्हणजे सुमारें २४ फूट दिली आहे. नांव क्षुद्रा असलें तरी कुटुंबवत्सल माणसानें तिच्याहून मोठीचा लोभ धरूं नये. हातीं मोठी नौका असेल व एखादी विकणें भागच असेल, तर मोठी विकून लहान घ्यावी. सर्वस्वीं मोकळें होण्यापेक्षां हें बरें.

किनारा, तिथि आणि पाऊस

आतां ठेवावयाची कोठें? हरिहरेश्वराचा समुद्र देवळाच्या अंगास अगदीं उघडा आहे. प्रदक्षिणेची वाट भरतीस पाण्याखालीं जाते, आणि खडकावर उभ्या असलेल्या यात्रेकरूंस लाटेनें ओढून नेल्याच्या दुर्दैवी घटना येथें घडल्या आहेत. असा किनारा दर्शनास रम्य, पण नौका ठेवण्यास निरुपयोगी. आसरा आहे तो सावित्रीच्या खाडींत. एका तीरास बागमांडलें, दुसऱ्या तीरास वेसवी व बाणकोट, आणि मध्यें मोटारगाड्या नेणारी फेरीबोट चालते तें हें पाणी. हंगामांत नौका उतरवावयाची ती येथें, आणि तीही सुटीपुरती. एरवीं ती वर वाडींत असावी.

उतरविण्यास व ओढण्यास भरतीची वेळ साधावी लागते. त्यासाठीं आपल्याकडे एक सोपा नियम आहे, तो नातवंडांस पाढ्यांबरोबरच शिकवावा: तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. पौर्णिमेस व अमावास्येस सुमारें साडेअकरा-बारा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून नौका हलविण्यापूर्वीं भरतीचें छापील कोष्टक पहावेंच. परंतु तिसरींतल्या मुलास पंचांग, पाऊणकी आणि समुद्र हीं तिन्हीं एकाच गणितांत भेटतात, हा लाभ लहान नव्हे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरतीचें पाणी सर्वांत उंच चढतें. त्या वेळीं नौका तरंगवत जितकी वर आणावी, तितके ओढणाऱ्यांचे श्रम वांचतात.

पावसाळ्याविषयीं मात्र तडजोड नाहीं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीस सरकारी बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहिल्यावांचून होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत तर कितीतरी जुनी आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट ऐन आषाढांत बुडाली आणि सहाशेंवर माणसें गेलीं. कोंकणांतील कितीएक घरांत ती आठवण अद्याप निघते. पुढें ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळानें आमच्या श्रीवर्धन तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. वादळ आलें तें मृग लागण्यापूर्वींच. यावरून एवढें शिकावें कीं, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आंत नौका वर यावी, आणि वर आलेली नौकाही खुंट्या ठोकून जमिनीस बांधावी.

वाडींतील निगा

वाडींत नौका ठेवतांना पुढील गोष्टी सांभाळाव्या. गोड्या पाण्यानें ती आंतबाहेर धुवावी. जांभ्या दगडाचे अगर लांकडाचे आधार तीन ठिकाणीं देऊन ती भुईपासून हातभर उंच ठेवावी, म्हणजे वाळवी लागत नाहीं व पाठ वांकत नाहीं. लहान होडी पालथीच घालावी. मोठीच्या तळाचें बूच काढून ठेवावें, नाहीं तर पावसाचें पाणी सांचून तिची विहीर होते. वरून नारळीच्या झांपांचें आच्छादन उत्तम. ताडपत्री घातल्यास दोन्ही टोंकें वाऱ्यास मोकळीं ठेवावीं, कारण कोंडलेल्या दमटपणानें बुरशी धरते. नारळाच्या झाडाखालीं नौका ठेवूं नये. नारळ पडावयाचा तो मुहूर्त पाहून पडत नाहीं. यंत्र काढून, पिंपभर गोड्या पाण्यांत चालवून, पेट्रोल रितें करून घरांत ठेवावें. शिडें धुवून, पूर्ण वाळवून, उंदरांपासून दूर टांगावीं. लांकडी नौकेच्या फटींत तेलांत भिजविलेला कापूस ठोकून तळास उंडीचें तेल द्यावें. फायबरची असेल तर एवढा खटाटोप लागत नाहीं.

यांत पैसा थोडा आणि हात पुष्कळ लागतात. आणि एकत्र कुटुंबांत हातांची वाण नसते. ज्या घरांत आंबोशीं-पापडांस दहा माणसें जमतात, त्या घरांत वर्षांतून दोन दिवस नौकेसही मिळूं शकतात.

वाडींत जागा नसेल तर गांवांतील एखाद्या अनुभवी कोळी कुटुंबाशीं बोलणें करावें. पूर्वीं गाय अर्धेलीनें देत, तसाच हा व्यवहार: त्यांच्या अंगणांत नौका रहावी, निगा त्यांनीं करावी, मोबदला ठरवून द्यावा. मात्र कागद स्पष्ट असावा. हौसेच्या नौकेतून विक्रीची मासेमारी करूं देणें हें १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यानें परवान्यावांचून चालत नाहीं, आणि भाडें घेऊन उतारू नेण्यासही परवाना लागतो. नौकेची नोंदणी व विमा यांविषयीं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर-कार्यालयांत आधींच विचारावें. भरतीरेषेलगत पक्की शाकार बांधण्यास किनारा नियमनाचे निर्बंध १९९१ पासून आहेत. म्हणून झांपांचा तात्पुरता मांडवच बरा. दोन-तीन घरांनीं मिळून नौका ठेवणें हाही चांगला मार्ग आहे, परंतु कोणाची सुटी कोणती आणि दुरुस्तीचा वांटा किती, हें भावाभावांतही लिहून ठेवावें.

धन्यावांचून नौका

धन्यावांचून नौका काय करते, हें हरिहरेश्वरानें प्रत्यक्ष पाहिलें आहे. १८ ऑगस्ट २०२२ रोजीं या किनाऱ्यास 'लेडी हान' नांवाची निर्मनुष्य विहारनौका लागली. तींत तीन ए. के. ४७ बंदुका निघाल्या आणि सगळ्या राज्यांत सावधगिरीचा इशारा गेला. त्याच दिवशीं विधानसभेंत खुलासा झाला कीं, ती एका ऑस्ट्रेलियन बाईंच्या मालकीची असून मस्कतहून युरोपकडे निघाली होती. २६ जून रोजीं यंत्र बंद पडलें, कोरियन युद्धनौकेनें माणसें वांचविलीं, आणि खवळलेल्या समुद्रामुळें नौका ओढून नेतां आली नाहीं. माणसें वांचलीं हें सर्वांत मोठें. दोष कोणाचाच नव्हे. परंतु ती रिकामी नौका ५३ दिवस समुद्रावर भटकली आणि परक्या गांवाची झोंप उडवून गेली. सुटलेली होडीही, लहान प्रमाणांत कां होईना, तेंच करते. ज्यास नौकेवर लक्ष ठेवणें शक्य नाहीं त्यानें ती बांधून पाण्यांत सोडण्यापेक्षां विकावी, हेंच प्रामाणिकपणाचें.

मुलांसाठीं ती काय करते?

मग एवढ्या खटाटोपानें ठेवावी तरी कां? कारण जमिनीवरची नौका ही मुलांची शाळा आहे. चार-पांच वर्षांचें मूल वाडींतल्या नौकेंत निर्धास्त खेळतें. तेथेंच त्यास नाळ, सुकाणूं, डोलकाठी, परबाण, वल्हें हे शब्द येतात आणि गांठी मारतां येतात. सहाव्या-सातव्या वर्षीं विहिरींत अगर तळ्यांत पोहणें शिकवावें. त्यानंतर खाडींत, ओसरत्या पाण्यांत नव्हे तर चढत्या भरतीस, किनारा धरून न्यावें. प्रत्येक मुलाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या मापाचें तरंगजाकीट असावेंच. पोहतां येतें म्हणून तें काढूं देणाऱ्या काकांस नौकेंत घेऊं नये.

ज्या १९४७ सालीं 'रामदास' बुडाली, त्याच सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडांत क्लार्क मिल्स यांनीं मुलांसाठीं 'ऑप्टिमिस्ट' नांवाची होडी आंखली. लांबी सुमारें २.३ मीटर, सांगाड्याचें वजन ३५ किलो, आणि एकट्या मुलानें चालवावयाची. पंधरा वर्षांपर्यंतचीं मुलें ती आज जगभर चालवितात. अशी होडी पडवींतही मावते. मोठी नौका परवडत नसेल त्या घरानें हिचा विचार करावा. दिलीप दोंदे हे २००९-१० सालीं गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. प्रत्येक मुलानें तेवढें करावें असें कोणी म्हणत नाहीं. परंतु समुद्राकांठीं वाडी असलेल्या घरच्या मुलानें समुद्रास केवळ पाठ दाखवून फोटो काढावा, हेंही शोभत नाहीं.

मुलाचें लहानपण लांबलचक वाटतें, पण नौकेच्या हिशेबीं तें आठ-नऊ पावसाळ्यांचें आहे. तेवढे पावसाळे नौका झांपांखालीं कोरडी राहिली, तर ज्या वर्षीं मुलाचे हात वल्ह्यास पुरेसे होतील, त्या वर्षीं ती नारळी पौर्णिमेनंतर पाण्यांत उतरण्यास तयार असेल; आणि बाजारांतून नवी घेण्याइतका पैसा घरांत तेव्हां असेलच, असा भरंवसा कोणी देऊं शकत नाहीं.