गुडघ्यातलं वंगण

रत्नागिरीत जांभ्या दगडाची पाखाडी उतरताना गुडघा कुरकुरला, की ‘वंगण संपलं’ म्हणतात. या वंगणातलं हायल्युरोनिक आम्ल १९३४ मध्ये प्रथम सापडलं गाईच्या डोळ्यात. पुढे इंजेक्शनसाठी ते काढलं कोंबड्याच्या तुऱ्यातून! पण टोचलेलं आम्ल सांध्यात फार काळ टिकत नाही, गुणही बेताचाच. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दुखणं काही आठवडे दबतं. मात्र २०१७ च्या अमेरिकी चाचणीत दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं ते घेतलेल्यांची कूर्चा नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली. स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं ‘पीआरपी’ महागडं. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत (२०२१) सौम्य ते मध्यम झिजेवर वर्षभराने तेही मिठाच्या पाण्याहून सरस ठरलं नाही. या सगळ्या इंजेक्शनांपुढे खुर्चीत बसून पाय सरळ ताणण्याचा व्यायाम फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.